मुलीला वीराचं स्थळ आलंय? अभिनंदन!

मुलीला ग्रीक वीराचं स्थळ सांगून आलं असेल तर आधी तोंड गोड करा. मुलगा उंचापुरा, रथ चालवतो, बाप नाहीतर खापरपणजोबा हमखास देव. पत्रिका बघायची गरज नाही. डेल्फीच्या देवळात भविष्य विचारायला एक फेरी मारलीत की पुढच्या दोन पिढ्यांत कोण कुणाच्या हातून जाणार ते कळतं, आणि ते टाळायला तुम्ही जे काही कराल त्यानंच ते घडतं. तेव्हा निर्धास्त राहा.

मोठ्या घराण्याचाच आग्रह असेल तर मायसीनीच्या राजवाड्यात द्या. ॲगमेम्नॉनच्या घरी. खाण्यापिण्याची हौस असलेली माणसं. पणजोबा टँटॅलस यांनी देवांना जेवायला बोलावलं आणि स्वतःचाच मुलगा शिजवून वाढला. बाकीच्या देवांनी ताट सरकवलं. डिमिटर बिचारी हरवलेल्या लेकीच्या काळजीत होती, तिनं खांद्याचा तुकडा खाऊन टाकला. देवांनी पोरगं पुन्हा जोडलं, खांदा हस्तिदंताचा बसवला. ते पोरगं म्हणजे मुलाचे आजोबा. वडील अट्रियस यांचं भावाशी भांडण होतं. भाऊ यांच्या बायकोच्या नादी लागला होता, म्हणजे कारण अगदीच नव्हतं असं नाही. त्यांनी समेटाचं जेवण घातलं आणि भावाला त्याचीच मुलं वाढली. जेवण झाल्यावर मुंडकी आणून दाखवली. सांगायचं एवढंच, की बोलणी करायला गेलात आणि पुढे मटणाचा रस्सा आला, तर आज माझा गुरुवार आहे म्हणा.

मुलगा स्वतः फार कर्तबगार. भावाची बायको हेलन ट्रॉयला गेली, ती आणायला हा हजारभर जहाजं घेऊन निघाला. ऑलिसच्या बंदरात वारा पडला. यानं शिकारीची देवी आर्टेमिस हिचं हरिण मारून वर बढाई मारली होती, ती रुसली होती. यानं घरी निरोप धाडला: आपल्या इफिजेनियाला घेऊन ये, सैन्यातल्या अकिलीसशी तिचं लग्न ठरवलंय. आई मुलीला नटवून घेऊन आली. वेदी तयार होती, पण लग्नाची नव्हती. काही जण सांगतात की ऐन वेळी देवीनं मुलगी उचलून तिथे हरिणी ठेवली. आईला काही ती परत मिळाली नाही. वारा मात्र सुटला. या सगळ्यात अकिलीसला आपलं लग्न आहे याचा पत्ताच नव्हता. म्हणून असा निरोप आलाच, तर निघण्याआधी नवऱ्या मुलाला गाठून विचारा, बाबा रे, तुला कुणी काही बोललंय का?

दहा वर्षांनी स्वारी परतली, सोबत ट्रॉयची राजकन्या कॅसँड्रा. नाटककार एस्किलसनं इ. स. पू. ४५८ मध्ये हा प्रसंग रंगमंचावर आणला, तो पाहण्यासारखा आहे. बायको क्लायटेमनेस्ट्रा दारात उंची जांभळी वस्त्रं अंथरते. हा थबकतो. चांदी मोजून घेतलेलं कापड तुडवून घरची मत्ता नासायची म्हणजे लाजच की! (लेकीच्या वेळी ही काटकसर आठवली नव्हती.) शेवटी दासाकरवी पायातलं काढून घेतो आणि अनवाणी आत जातो. आत आंघोळीचं पाणी काढलेलं असतं. त्या न्हाणीघरातून तो चालत बाहेर येत नाही.

पुढे मुलानं, म्हणजे ओरेस्टिसनं, बापाचा सूड म्हणून आईला मारलं. अथेन्सला खटला उभा राहिला. अपोलो देवानं वकिली केली की जन्म देतो तो बाप, आई नुसतं बीज सांभाळते. पुरावा म्हणून झ्यूसच्या डोक्यातून निघालेली अथेना समोरच बसली होती. मतं समसमान पडली, तिच्या मतावर मुलगा सुटला. तेव्हा मुलीच्या डोहाळजेवणावर फार खर्च करू नका.

इतर स्थळांबद्दल थोडक्यात. थीसियस वाटेतच, नॅक्सॉस बेटावर, बायकोला झोपेत सोडून जातो आणि पुढे तिच्याच बहिणीशी लग्न करतो. धाकटी लग्नाची असेल तर सोय आहे. हेराक्लीसनं वेडाच्या भरात मुलं मारली आणि बायको मेगारा पुतण्याला देऊन टाकली. पर्सियस त्यातल्या त्यात सज्जन, बायकोला अंतर देत नाही. पण त्याच्या लग्नात मंडपातली बरीच मंडळी त्यानं कापून आणलेलं मेडुसा राक्षसिणीचं डोकं पाहून दगड झाली, तेव्हा जवळच्यांनाच बोलवा.

शांत, संसारी मुलगा हवा असेल तर इथाकाचा ओडिसियस. वीस वर्षं बाहेरगावी. त्यातली दहा ट्रॉयच्या लढाईत, एक जादूगारीण सर्सीकडे आणि सात अप्सरा कॅलिप्सोकडे, रोज किनाऱ्यावर बसून घरच्या आठवणीनं रडण्यात. आई वाट बघून गेली. बायको पेनेलोपीच्या ओसरीत १०८ उपवर पुरुष रोज घरचीच डुकरं कापून जेवत होते, आणि ती सासऱ्यांचं कफन दिवसा विणून रात्री उसवत होती. तीन वर्षं तिनं हे निभावलं. शेवटी तो आला, ओसरी रक्तानं धुऊन काढली, बारा दासींकडून ती पुसून घेतली आणि मग त्यांना मुलाकरवी फासावर लटकवलं.

त्याच रात्री अंथरुणाला पाठ टेकण्याआधी त्यानं बायकोला सांगितलं, मला परत निघायचंय. खांद्यावर वल्हं घ्यायचं आणि चालत सुटायचं, जिथे समुद्र न पाहिलेला कुणीतरी त्याला धान्य उफणायचं फावडं समजेल तिथपर्यंत.

म्हणून म्हणते, रुखवतात काय वाटेल ते मांडा. वल्हं मांडू नका.