‘फुल्यांनी कुठे एम.एस.डब्ल्यू. केलं होतं?’

एम.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रवेशाचे दिवस आले की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे चार ग्रुपांवरून आला, त्यातला एक ग्रुप आमच्याच माजी विद्यार्थ्यांचा. मजकूर थोडक्यात असा: समाजसेवेला डिग्री लागत नाही, तळमळ लागते. जोतिबा-सावित्रीबाईंनी कुठे एम.एस.डब्ल्यू. केलं होतं? दोन वर्षं परदेशी थिअरी घोकायची, फील्डवर्कच्या नावाखाली वस्तीत हिंडायचं, आणि शेवटी हातात तुटपुंजा पगार. त्यापेक्षा सरळ एखाद्या वस्तीत जा आणि कामाला लागा.

मी पुण्यात एम.एस.डब्ल्यू.च्या मुलामुलींना शिकवते, त्यांच्या फील्डवर्कची सुपरवायझर असते. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण तो वाचून चांगल्या मुलीनं अर्ज मागे घेतलेला मी पाहिलाय. म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेते.

आधी फुल्यांचा. सावित्रीबाई वर्गासमोर नुसत्या तळमळीवर उभ्या राहिल्या नव्हत्या. जोतीरावांनी त्यांना घरी शिकवलं. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. त्या कामासाठी त्या काळात जे शिक्षण मिळण्याजोगं होतं, ते त्यांनी मिळवलं. पुढे १८६३ मध्ये या दोघांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा बाईनं इथं यावं, सुरक्षित बाळंत व्हावं, ही गोष्ट गुप्त राहील, असं त्यांनी जाहीर केलं. वर्गात गोपनीयतेचं तत्त्व शिकवताना मी इथूनच सुरुवात करते. नाव फुटलं तर त्या बाईला जगणं अशक्य होतं. तिला आसरा देणं आणि तिचं नाव जपणं ही त्यांच्या लेखी एकच गोष्ट होती. तिथं आलेल्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला आणि त्याला डॉक्टर केलं. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची शुश्रूषा करत होत्या, ती याच यशवंतांच्या दवाखान्यात. आपल्या मुलाला वैद्यकीचं रीतसर शिक्षण देणाऱ्या जोडप्याचा दाखला शिक्षणाच्या विरोधात कसा देता येतो, हे मला खरोखर कळत नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथंही बायकांना शिकवून कामाला उभं करणं हाच गाभा होता. आणि ज्या अण्णा कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर संस्था उभी केली, त्यांच्या नावानं पुण्यात समाजकार्याचं शिक्षण १९६३ पासून चालू आहे.

आता ‘तळमळ पुरे’ हा मुद्दा. मे २०२१ आठवा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत घराघरांतल्या फोनवर मेसेज येत होते: आईवडील दोघं गेले, दोन-तीन दिवसांची मुलगी आहे, कुणाला दत्तक हवी असेल तर या नंबरवर फोन करा. ते पुढे पाठवणारे सगळे कळवळ्यानंच पाठवत होते. पण असं परस्पर मूल देणं-घेणं हा बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे, कारण नेमक्या याच वाटेनं मुलं विकली जातात. अनाथ मूल सापडलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला कळवायचं, चोवीस तासांच्या आत ते बालकल्याण समितीपुढे न्यायचं, नातेवाईक आहेत का हे शोधायचं, आणि त्याचा फोटो कुठंही टाकायचा नाही. यातली एकही गोष्ट तळमळीतून आपोआप सुचत नाही. ती शिकावी लागते.

अत्याचार झालेल्या मुलाच्या बाबतीत तर मला याची फार भीती वाटते. कळवळलेला कार्यकर्ता मुलाला जवळ घेऊन ‘काय झालं बाळा, सांग’ असं विचारतो. मग संस्थेच्या ताई विचारतात, मग आणखी कुणी. दर वेळी मूल ते सगळं पुन्हा भोगतं, आणि पुढे कोर्टात त्याच्या जबाबावर शंका घेतली जाते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधातल्या पॉक्सो कायद्याखाली २०१२ पासून असा प्रकार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कोणत्या वेळी विचारायचं नाही, हे आम्ही पहिल्याच सत्रात शिकवतो, आणि विद्यार्थ्यांना तेच सगळ्यात अवघड जातं.

‘परदेशी थिअरी’ हा आरोप मात्र निम्मा खरा आहे. केसवर्कची, म्हणजे एकेका व्यक्तीसोबत काम करण्याची, पद्धत मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये अमेरिकेत मांडली. ज्या सात तत्त्वांवर आम्ही पेपर काढतो ती बिस्टेक या शिकागोच्या धर्मगुरूंनी १९५७ मध्ये लिहिली. ती नोट्समधून पाठ करून घेतली तर कुचकामीच. पण वापरली तर काय होतं, ते एका प्रसंगातून सांगते. तपशील बदललेत, कुणाची ओळख पटू नये म्हणून.

पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी, पर्वतीच्या पायथ्याची एक वस्ती. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळलेल्या बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची, संरक्षण अधिकाऱ्याची माहिती द्यायला ती गेली होती. रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीच्या लेखी नोंदीत, तिनं लिहिलं: ‘मी तिला समजावून सांगितलं. ती स्वतः निर्णय घ्यायला सक्षम वाटत नाही.’ मी ‘समजावून सांगितलं’ खाली रेघ मारली आणि म्हटलं, शब्द लिही, तू काय बोललीस, ती काय बोलली, आठवेल तसं. तिनं लिहून आणलं. तिची स्वतःची वाक्यं चौदा होती. बाईची तीन. आणि त्या तीनमधलं एक होतं, ‘सासूबाईंना विचारून सांगते.’

या वाक्यावर आम्ही आयसीचा, म्हणजे सुपरवायझर आणि विद्यार्थी दोघांच्याच बैठकीचा, अख्खा तास घालवला. स्वयंनिर्णय, म्हणजे ज्याचा निर्णय त्यानंच घ्यायचा, हे बिस्टेकचं तत्त्व. विद्यार्थिनीचं म्हणणं, सासूला विचारणं म्हणजे स्वयंनिर्णय नव्हेच. मी फक्त विचारत राहिले: खोली कुणाच्या नावावर आहे? ती पोलीस चौकीत गेली तर मुलं कुणापाशी राहतील? सासू आजवर कुणाच्या बाजूनं उभी राहिली? तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती गेली आणि चौदा वाक्यं बोलायच्या ऐवजी ऐकत बसली. खोली सासूच्या नावावर होती, आणि सासूनं आपल्याच मुलाला, म्हणजे त्या बाईच्या नवऱ्याला, दोनदा घराबाहेर काढलं होतं. सासूला विचारायचं, हाच त्या बाईचा विचार करून घेतलेला निर्णय होता. शिकागोचं तत्त्व खोटं ठरलं नाही. पर्वतीखाली त्याचा अर्थ काय, हे एका मुलीला कळलं.

‘सरळ वस्तीत जा’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर याच प्रसंगात आहे. ती मुलगी वस्तीतच होती. नुसतं जाण्यानं ती शहाणी झाली नाही. गेली, लिहिलं, कुणीतरी ते वाचून अडवलं, ती परत गेली, तेव्हा शिकली. आठवड्याला दोन दिवस फील्डवर्क, दर भेटीचं रेकॉर्डिंग, आयसी, मग सगळ्यांची मिळून बैठक, म्हणजे जीसी, हा गाडा कंटाळवाणा वाटतो खरा. पण विद्यार्थ्याची चूक तिथं कागदावर पकडली जाते. एकटा कार्यकर्ता तीच चूक वीस वर्षं करत राहू शकतो, आणि त्याला सांगणारं कुणी नसतं.

फील्डवर्कच्या नावाखाली काय काय चालतं, हे मला माहीत आहे. एका संस्थेत माझ्या दोन विद्यार्थ्यांनी अख्खं सत्र देणगीदारांची यादी संगणकात भरली आणि कार्यक्रमात खुर्च्या मांडल्या. मी ते वेळेत पाहिलं नाही, ही माझी चूक होती. मुलांचं सत्र गेलं. तेव्हापासून मी दर पंधरा दिवसांनी स्वतः एजन्सीत, म्हणजे फील्डवर्क चालतं त्या संस्थेत, जाते.

पगार कमी आहे. खरंच कमी आहे, आणि त्यावर भांडायला हवं. पण सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाचं पद असो की बाल न्याय यंत्रणेतलं परिविक्षा अधिकाऱ्याचं (प्रोबेशन ऑफिसरचं), तिथं शिकलेलं माणूस लागतं, ते काम फुकट किंवा हौसेनं होत नाही. ‘तळमळ पुरे’ असं आपण जितकं म्हणू, तितकं हे पगार वाढवायचं कारण उरत नाही.

ज्यांच्या घरी यंदा प्रवेशाचा विचार चालू आहे, त्यांनी कॉलेजात जाऊन इतकं विचारावं: एका सुपरवायझरकडे किती विद्यार्थी असतात? रेकॉर्डिंग वाचून किती दिवसांत परत मिळतं? एजन्सीत सुपरवायझर स्वतः कितीदा जातात? आणि एजन्सी नीट काम देत नसेल तर सत्राच्या मध्यावर बदलून मिळते का? शक्य झालं तर दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून हेच प्रश्न पुन्हा विचारा.