‘मोबाइलने भडकवलेली गर्दी’ या संदेशाला उत्तर

रविवारी मेथी निवडता निवडता वहिनींनी मोबाइल माझ्यासमोर धरला. दुहेरी बाणांचा तो फॉरवर्ड त्यांच्याकडे तीन गटांतून आला होता. त्यात म्हटले होते की लाइक करणारे घराबाहेर पडत नाहीत, जे पडतात ते मोबाइलने भडकवलेले असतात आणि कशासाठी आलो हेही त्यांना ठाऊक नसते, शिवाय संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मोबाइल कुठे होता? एवढ्यावरून त्यांनी माझ्या पुतणीला विभागातील मैदान वाचवण्याच्या सभेला जाण्यास मनाई केली, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. अंगठा उमटवून समाधान मानणारे असतातच. पण मार्च 2018 मध्ये नाशिकहून चालत आलेल्या शेतकऱ्यांच्या सोललेल्या तळव्यांची छायाचित्रे मोबाइलवर फिरली आणि मुंबईकर पाणी, बिस्किटे, चपला घेऊन त्यांच्या वाटेवर उभे राहिले, हेही याच शहराने पाहिले आहे.

दुसरे विधान मात्र घातक आहे. मुळात मोबाइल माणसाला घरी बसवतो की बाहेर काढतो, हे लिहिणाऱ्याने आधी ठरवावे. झेनेप तुफेकी आणि ख्रिस्तोफर विल्सन या संशोधकांनी इजिप्तमध्ये कैरोच्या तहरीर चौकात 2011 साली सरकारविरोधात उतरलेल्या हजारावर आंदोलकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील जवळजवळ निम्म्यांना आंदोलनाची बातमी समोरासमोरच्या बोलण्यातून कळली होती, सुमारे 28 टक्क्यांना फेसबुकवरून. तरीही समाजमाध्यमे वापरणारे लोक पहिल्याच दिवशी, म्हणजे किती जण येतील याचा भरवसा नसताना, तेथे हजर असण्याची शक्यता बरीच अधिक होती. मला यातून एवढेच दिसते की ओळखीचे कोण कोण निघाले आहे हे कळले की एकटे पडण्याची भीती ओसरते. पुढे सरकारने इंटरनेट तोडले, तरी 28 जानेवारीला लोक प्रचंड संख्येने रस्त्यावर आले. केवळ मोबाइलच्या तालावर नाचणारी माणसे असती तर ती त्या दिवशी घरी राहिली असती.

पुतणीच्या मोबाइलमध्ये त्या मैदानाच्या आरक्षणाचा नकाशा आहे आणि चार मैत्रिणींशी ठरवलेली, स्टेशनच्या पुलाखाली भेटण्याची वेळ आहे. कशासाठी जायचे हे तिला नीट ठाऊक आहे.

राहिला संयुक्त महाराष्ट्र. तेव्हा मोबाइल नव्हता, पण अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांची शाहिरी होती आणि 1956 पासून अत्र्यांचे ‘मराठा’ दैनिक होते. निरोप तेव्हाही कोणीतरी पोहोचवतच होते.

वहिनींनी हे सारे ऐकून घेतले आणि मुलींबरोबर मोठे कोणी असेल का, एवढेच विचारले. शनिवारी मी मुलींसोबत जाणार आहे.