त्याचे हात कुठे गेले?

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर मामांनी एक क्लिप टाकली. खाली लिहिलं होतं 'प्यासा आता रंगीत, एआयची कमाल', आणि त्याखाली सगळ्यांचे अंगठे, नमस्कार, व्वा व्वा. मी क्लिप उघडली आणि डोकंच फिरलं माझं. गुरुदत्तच्या 'प्यासा'त कवी स्वतःच्याच स्मृतिसभेला येऊन हॉलच्या दारात उभा राहतो तो प्रसंग, तुम्हाला काय सांगायचं, मागून उजेड आणि दारात दोन्ही हात पसरून उभा असलेला तो. तर या क्लिपमध्ये हातच नाहीत! फोनवर उभं बसावं म्हणून दोन्ही बाजू छाटल्यात, कोपरापासून पुढे काही नाही. चेहऱ्यावर गुलाबी रंग चोपडलाय, अंधार होता तिथे तपकिरी भिंत आलीय आणि मागचा उजेड पिवळाधमक.

मी ग्रुपवर विचारलं, मामा, त्याचे हात कुठे गेले? उत्तर आलं, अगं गाणं तर पूर्ण आहे ना.

म्हणून इथे लिहितेय. तिथे लिहिलं तर भांडण होईल, आणि तुम्ही माझी माणसं आहात, तुम्हाला यातलं दुखणं वेगळं समजवावं लागणार नाही.

शाळेत आमचे चित्रकलेचे सर एकदा घरून व्हीसीआर आणि कॅसेट घेऊन वर्गात आले होते आणि त्यांनी नेमका हाच प्रसंग पॉज केला होता. पॉज केलं की चित्र थरथरायचं, खाली एक पांढरी रेघ नाचत राहायची, आणि जास्त वेळ ठेवलं की पॉज आपोआप सुटायचा, मग सर परत मागे नेऊन बरोब्बर तिथेच थांबवायचे. हे काढा म्हणाले. माझ्या शेजारच्या मुलीनं छान डोळे, भुवया, ओठ, सगळं काढलं. सर तिच्या वहीवर वाकले आणि म्हणाले, "बाळ, तुला डोळे दिसतायत तिथे?" ती बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिली. "नाही सर." "मग नाही काढायचे. काळा भर." आणि मग तो अख्खा तास आम्ही सगळे अंधार काढत बसलो होतो, ६बी पेन्सिलनं, हाताची कड काळी होईपर्यंत.

तो चेहरा काळा आहे कारण 'प्यासा'चे कॅमेरामन व्ही. के. मूर्तींना तो काळा हवा होता! १९५७ साली दिवे कमी पडले म्हणून नाही. याच माणसानं दोन वर्षांनी 'कागज़ के फूल'साठी मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन स्टुडिओच्या आत वळवलं आणि तो उजेडाचा झोत पडद्यावर आणला, भारतातल्या पहिल्या सिनेमास्कोपमध्ये, म्हणजे रुंद पडद्याच्या सिनेमात. फाळके पुरस्कार मिळालेला पहिला कॅमेरामन. आणि आता कुठलं तरी अ‍ॅप ठरवणार की चेहरा नीट दिसत नाही, थोडा उजळ करूया.

रंगाचंही तेच. कृष्णधवल सिनेमात लाल आणि हिरवा जवळपास एकाच करड्या रंगात उतरू शकतात, त्यामुळे सेट, कपडे, पडदे निवडताना ही माणसं रंग बघायचीच नाहीत, तो पडद्यावर किती गडद किंवा फिका उतरेल ते बघायची. म्हणजे कॉम्प्युटर जो रंग भरतोय तो मुळात कधी ठरवलेलाच नव्हता, नुसता अंदाज आहे तो. आणि ज्या करड्यावर डोकं लावून काम केलं होतं, नेमका तोच पुसला जातोय.

आणि ही कापाकापी! साधा हिशोब आहे. जुन्या सिनेमाची चौकट चारास तीन, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. ती सोळास नऊच्या टीव्हीवर काठोकाठ भरायची म्हणजे वरून-खालून मिळून पाव चित्र जातं. उभ्या फोनवर भरायची तर निम्म्याहून जास्त जातं. अहो, निम्म्याहून जास्त! मध्ये एका चॅनेलवर 'संत तुकाराम' लागला होता, तर तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनिसांचं पागोटं वरून उडालेलं आणि खाली हातही नीट दिसत नव्हते, नुसतं मधलं तोंड गात होतं. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवलेला सिनेमा आहे तो, आपला, मराठी, आणि तो आपल्यालाच असा दाखवतात. पैठणीचे काठ-पदर कापून मधलं कापड हातात द्यायचं आणि वर म्हणायचं घ्या, पैठणी नेसा.

ही चौकट ज्यांनी घातली ती माणसं कोण होती हे तरी बघा. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले. बाबूराव पेंटर कोल्हापुरात नाटकाचे पडदे रंगवायचे, चुलतभाऊ आनंदरावांबरोबर, आणि त्यातूनच पुढे कॅमेरा बनवण्यापर्यंत गेले. त्यांच्याच हाताखाली दामले आणि साहेबमामा फत्तेलाल तयार झाले, ज्यांनी तो 'संत तुकाराम' केला. तिकडे सत्यजित राय शांतिनिकेतनात नंदलाल बोस, बिनोद बिहारी मुखर्जी या चित्रकारांकडे शिकलेले, शूटिंगआधी वह्यांमध्ये शॉट चितारून ठेवायचे. गुरुदत्तही सुरुवातीला आपल्या पुण्याच्या प्रभातमध्ये होता. चित्रं काढणारे, चित्रं जगणारे लोक हो हे सगळे! माणसाच्या डोक्यावर किती जागा रिकामी सोडायची हे यांना आपोआप झालं असेल असं वाटतं का कुणाला? एखाद्या म्युझियममध्ये जाऊन रविवर्म्याच्या चित्राचे काठ कुणी कापले तर पोलीस येतील. सिनेमाचे कापले की लाइक्स येतात.

बरं, मान्य. 'मुग़ल-ए-आज़म' २००४ साली रंगीत होऊन आला तेव्हा थिएटरं भरली, आणि दिग्दर्शक के. आसिफनं स्वतःच काही भाग रंगीत काढला होता, त्याला रंग हवाच होता. असेल. पण तो त्याचा सिनेमा, त्याची इच्छा. 'प्यासा'वाल्यांनी काय इच्छा सांगून ठेवली होती का कुणाकडे?

आणि नवीन मुलं कृष्णधवल बघत नाहीत हे तर मला कुणी सांगूच नका. आमच्या वर्गात बाकावर बसलेली सगळी पोरं रंगीत टीव्हीवर रंगीत सिनेमे बघूनच वाढलेली होती, त्या दिवशी एकानंही कंटाळा आला म्हटलं नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी सर टीव्ही बंद करेनात आणि आम्ही उठेनात. दाखवणारा हवा. तो नाही म्हणून दोष पोरांना.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. मामांवर तर नाहीच राग. त्यांनी हे सगळे सिनेमे तरुणपणी थिएटरात पाहिलेत, ते गाणं ऐकताना त्यांना अख्खा पडदा डोळ्यांपुढे दिसत असणार, हातांसकट. म्हणून त्यांना क्लिपमध्ये काही कमी वाटलं नसेल. पण माझी भाची हीच क्लिप आयुष्यात पहिल्यांदा बघतेय, आणि तिच्यासाठी त्या माणसाला हात नाहीतच. हे मला फार लागलं आज.

सत्यजित रायांच्या 'अपराजितो'च्या वेळी कॅमेरामन सुब्रत मित्रांनी काशीच्या घराच्या सेटवर, अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्यावर मारून उजेड खाली परतवला, म्हणजे आभाळातून झिरपतो तसा मऊ उजेड यावा म्हणून. १९५६ साल. त्या अंगणात सावली कशी पडते ते एकदा नुसतं बघा, गोष्ट बाजूला ठेवून. मी अजून थांबवून थांबवून बघते. सरांची सवय लागली ती लागलीच.

आपल्याकडे उरलंय तरी किती? बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' आज बघायला मिळत नाही. २००३ साली पुण्यात आग लागली त्यात नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणारी, जुनी रिळं खाक झाली. जे जळालं ते जळालं, त्याला आपण काही करू शकत नाही. पण जे धड आहे त्याचे आपणच हात तोडायचे?

तर एक काम करा, आजच करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पिक्चर साइझ नावाचं काहीतरी असतं, जुना सिनेमा लावला की तिथे चारास तीन निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ देत, टीव्ही बिघडलेला नाही. घरात कुणी म्हणालं की स्क्रीन भरत नाही, तर त्यांना रिमोट देऊ नका. आणि ती क्लिप तुमच्याकडेही येईलच दुपारपर्यंत, पुढे पाठवू नका प्लीज. मूळ प्रसंग नीट, पूर्ण, कृष्णधवल कुणाला हवा असेल तर सांगा, कुठे बघायचा ते सांगते. मामांनाही तोच पाठवलाय आत्ता. अजून ब्ल्यू टिक आलेली नाही.