कॅनमधली प्रत्येक फ्लेवर्ड दारू व्होडका नसते

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘हार्ड सेल्ट्झर म्हणजे सोडा, फ्लेवर आणि थोडी व्होडका. बिअरपेक्षा हलकं, धान्य नाही, कॅलरी कमी. बिनधास्त प्या.’

आधी व्होडकाचं बघू. २०१६ साली आलेल्या व्हाइट क्लॉ आणि ट्रूली या दोन ब्रँडांनी हा प्रकार घरोघरी नेला. त्यांच्या नेहमीच्या कॅनमध्ये व्होडका नसते, आंबवलेल्या साखरेची दारू असते. साखरेच्या पाण्यात यीस्ट घालून ते आंबवतात, गाळतात, कार्बनमधून काढून रंग-वास घालवतात आणि मग त्यात पाणी, गॅस, फ्लेवर घालतात. आपल्याकडच्या डिस्टिलऱ्यांत मळी आंबवल्यावर ऊर्ध्वपातन होतं, ती पायरी इथे नाही. हाय नून या ब्रँडमध्ये मात्र खरोखरच व्होडका असते. स्मर्नॉफ आइसची गंमत अशी, की नाव व्होडकाचं, ब्रिटनमध्ये आत व्होडकाही, पण अमेरिकेत माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची दारू! व्हाइट क्लॉनेही २०२३ मध्ये वेगळा व्होडका-सोडा काढला. म्हणजे नुसत्या ब्रँडवरून काहीच कळत नाही.

मेसेजवाल्याच्या बाजूने एवढं म्हणता येईल, की ६ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या माल्ट पेयात एकूण अल्कोहोलपैकी ४९ टक्क्यांपर्यंत फ्लेवरच्या अर्कांतून, म्हणजे सहसा ऊर्ध्वपातन केलेल्या दारूतून, आलेलं चालतं. तसा अमेरिकेचा नियमच आहे.

एवढा खटाटोप कशाला, सरळ व्होडका का ओतत नाहीत? कर. व्होडकासारख्या दारूवर अमेरिकेचा केंद्रीय कर प्रूफ गॅलनला (५० टक्के अल्कोहोलच्या एका गॅलनला) साडेतेरा डॉलर आहे, तर बिअरवर ३१ गॅलनच्या पिंपाला फार तर १८ डॉलर. ५ टक्क्यांच्या ३५५ मिलिच्या कॅनचा हिशेब केला तर व्होडकावर १२-१३ सेंट, बिअरवर साधारण साडेपाच. आणि कर कायद्यात आंबवलेल्या साखरेचं पेयही बिअरच ठरतं. शिवाय अनेक राज्यांत बिअर किराणा दुकानात मिळते, व्होडका मिळत नाही. कॅनमध्ये काय भरायचं हे चवीपेक्षा या हिशेबावर जास्त ठरतं, असं माझं मत. सेल्ट्झर ही बिअर की नाही, यावर कोरोना या बिअर ब्रँडच्या दोन कंपन्या न्यूयॉर्कच्या कोर्टात भांडल्या. २०२३ मध्ये ज्यूरीने कोरोना सेल्ट्झर विकणाऱ्या कंपनीच्या बाजूने कौल दिला.

‘हलकं’ हा शब्द तर सरळ धोक्याचा. ५ टक्क्यांच्या त्या कॅनमध्ये सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असतं. तेवढ्याच बिअरमध्ये तेवढंच, ४४ मिलि व्होडकातही तेवढंच. माल्टवर बनलेल्या फोर लोकोचा मोठा कॅन जवळजवळ ७०० मिलिचा. १२ टक्क्यांचा असेल तर तो एकटाच ५ टक्क्यांच्या साडेचार कॅनांच्या वर जातो.

धान्य नाही हेही सरसकट खरं नाही. माल्ट सहसा बार्लीचं, म्हणजे ग्लूटेन (गहू-बार्लीतलं प्रथिन) आलंच. ज्यांना ते चालत नाही त्यांनी कॅनवरचं बारीक अक्षर वाचावं.

कॅलरी मात्र खरंच कमी. साध्या बिअरमध्ये दीडशेच्या आसपास, व्हाइट क्लॉमध्ये १००. पण अल्कोहोलच्या ग्रॅममागे ७ कॅलरी धरल्या तर १४ ग्रॅमच्या ९८ झाल्या. म्हणजे बिअरमधून वगळलंय ते धान्याचं उरलंसुरलं. दारू तेवढीच राहिली.