मागे बसलेली मंडळी

आत्ताच घरी आलेय, साडी पण बदललेली नाही आणि लिहायला बसलेय, तेव्हा शुद्धलेखनवाल्यांनी आज सुट्टी घ्या.

पंचमदांच्या, म्हणजे आर. डी. बर्मनच्या, गाण्यांचा कार्यक्रम होता. आठशे रुपये तिकीट. नाट्यगृह सांगत नाही, संस्था तर नाहीच सांगत, कारण उद्या त्यांच्यातलाच कुणीतरी 'ताई तुम्ही पर्सनली घेताय' म्हणून मेसेज करेल. हो, पर्सनलीच घेतेय. स्टेजवर वादक बावीस होते. मोजले मी. बाहेरच्या बॅनरवर फोटो चार, चारही गायकांचे. निवेदक प्रत्येक गायकाची शाळा-कॉलेज, गुरू, बक्षिसं, कुत्र्याचं नाव, सगळं सांगत होता. आणि अगदी शेवटी, लोक पार्किंगच्या गडबडीत उठायला लागल्यावर म्हणतो, 'आणि हो, मागे बसलेल्या मंडळींसाठीही एकदा टाळ्या होऊन जाऊ द्या!'

मागे बसलेली मंडळी! बावीस माणसं, त्यातल्या एकाचंही नाव नाही. आणि कार्यक्रम कुणाचा, तर पंचमदांचा! ज्या माणसाचं अर्धं संगीत मागे बसलेल्या मंडळींच्या डोक्यातून आणि हातातून आलं त्याचा. मारुतीराव कीर, होमी मुल्लन, मनोहारी सिंग, भानू गुप्ता, कर्सी लॉर्ड, अमृतराव काटकर. 'दम मारो दम'ची ती गिटार आज रात्रभर त्या पोराने जीव तोडून वाजवली, पण ती मुळात भूपिंदर सिंगनी वाजवली होती, आपल्या गझलवाल्या भूपिंदरनी, हे सांगायला निवेदकाला दहा सेकंद लागले असते. कुत्र्याच्या नावाला वेळ होता.

आता माझं दुखणं सांगते, जुन्या मित्रमैत्रिणींना माहीत आहे. माझे बाबा दिवसा बँकेत कॅशियर आणि रात्री ऑर्केस्ट्रात साइड रिदम. म्हणजे बोंगो, खंजिरी, मादल, रेसो (ते खाचांवर घासून वाजवायचं वाद्य) आणि 'अरे ते काहीतरी वाजतंय ना' म्हणतात ते सगळं. १९८६चे गणपती, गिरगावातल्या एका मंडळासमोर प्रोग्रॅम, मी सातवीत, तिसऱ्या रांगेत सतरंजीवर. शेवटी निवेदकाने सगळ्यांची ओळख करून दिली. गायक, गायिका, की-बोर्ड, गिटार, ढोलकी, तबला, साउंडवाला, मांडववाला, अध्यक्ष, खजिनदार. बाबा राहिले. बाबा अर्धवट उठले होते नमस्कार करायला. मग तसेच खाली बसले आणि बोंगोचा नट पिळायला लागले, जणू त्यासाठीच वाकले होते.

तर 'मागे बसलेली मंडळी' म्हटलं की मला तो नट दिसतो.

आपल्याकडे गाणं म्हणजे गायक. फार फार तर संगीतकार. हो, चाल संगीतकाराचीच असते, मान्य, आणि आशाताईंचा गळा मागच्या रांगेत बसून कुणी तयार केला नाही, तेही मान्य. पण चाल म्हणजे गाणं नव्हे हो! संगीतकार पेटीवर चाल बसवायचा, मग ती अरेंजरकडे जायची आणि तो ठरवायचा की इथे व्हायोलिन वर चढतील, इथे चेलो खालून हुंकार देईल, मुखडा आणि अंतऱ्याच्या मधला तो तुकडा ट्रम्पेट घेईल. तुम्ही लग्नात तोंडाने वाजवता ना, 'टँ टॅडॅ टँ', ते म्युझिक पीस बऱ्याचदा अरेंजरचे किंवा वादकांचे असतात. म्हणजे गाण्यातला जो भाग तुम्हाला शब्दांशिवाय पाठ आहे, तो बनवणाऱ्याचंच नाव तुम्हाला माहीत नाही.

सेबॅस्टियन डिसोझा. गोव्याचे. फाळणीआधी लाहोरला हॉटेलात बँड वाजवायचे, मग मुंबईत येऊन शंकर-जयकिशनचे अरेंजर झाले, ओ. पी. नय्यरसाठीही केलं. राज कपूरच्या सिनेमातल्या त्या व्हायोलिनच्या लाटाच्या लाटा येतात ना अंगावर, त्या कागदावर उतरवणारा हा माणूस. किती जणांना माहीत आहे? चिक चॉकलेट म्हणजे अल्डोनाचे आंतोनियो झेवियर वाझ, यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, आणि आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र 'अलबेला'त १९५१ साली जे धिंगाणा घालून गेले त्यामागे यांचा ट्रम्पेट होता. ही सगळी गोव्याची माणसंच का, तर पोर्तुगीज अमदानीत तिथे चर्चच्या शाळेत पोरांना नोटेशन वाचायला शिकवायचे. आपल्याकडच्या वादकाला कान होता, हात होता, पण कागदावरचं स्वरलेखन वाचून पहिल्याच फटक्यात चाळीस माणसांबरोबर वाजवायचं तर ते शिक्षण यांच्याकडे होतं. म्हणून सिनेमावाल्यांना ते लागायचे. लागायचे, पण टायटलमध्ये नाव बहुतेक वेळा नाही.

आणि सगळ्यात कहर ऐका. या लोकांमधलं एकच नाव अख्ख्या देशाला पाठ आहे आणि तो खरा माणूस होता हेच कुणाला माहीत नाही! अँथनी गोन्साल्विस. अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ आठवला ना? तेच म्हणते मी. अहो ते गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, अरेंजर आणि शिक्षक. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलालजी त्यांचे विद्यार्थी, पंचमदाही त्यांच्याकडे शिकले. १९५८ साली या माणसाने मुंबईत सेंट झेवियर्सच्या आवारात मोठा ऑर्केस्ट्रा उभा केला, आपलं रागसंगीत आणि पाश्चात्त्य सिंफनी एकत्र आणून स्वतःच्या रचना सादर केल्या, गायला लताबाई आणि मन्ना डे. साठच्या दशकात ते अमेरिकेला शिकायला गेले, परत आले ते थेट माजोर्ड्याला, सिनेमाकडे पुन्हा वळलेच नाहीत. १९७७ला प्यारेलालजींनी गुरूचं नाव गाण्यात घातलं, आणि आपण काय केलं, त्या नावाचा जोक केला. २०१२च्या जानेवारीत ते गेले. चेष्टेतलं नाव घेऊन जगले बिचारे, नाहीतर तेही नसतं मिळालं.

बरं, गोव्याचं म्हणून बाजूला सारू नका. मराठी नावंही आहेत की. दत्ताराम वाडकर घ्या. शंकर-जयकिशनकडे असिस्टंट, रिदम सगळा त्यांच्याकडे. आजही कुठलाही ढोलकवाला 'दत्ताराम ठेका' म्हटलं की डोळे मिटून वाजवतो. म्हणजे एका माणसाच्या नावाने ठेका आहे! 'चुन चुन करती आई चिडिया' लहानपणी सगळ्यांनी म्हटलंय, त्याचे संगीतकारही दत्ताराम. विचारा तुमच्या घरात कुणाला. अनिल मोहिले व्हायोलिनवाले आणि अरुण पौडवाल अ‍ॅकॉर्डियनवाले, दोघंही मागच्या रांगेतूनच पुढे आलेले. दरवर्षी त्यांच्याच चालीचं 'प्रथम तुला वंदितो' लावताना त्यांचं नाव घेतो का आपण कुणी? मी पण नाही घेत. मी पण नाही.

चहा टाकून आले. जरा शांत झालेय.

तर त्या गणपतीतल्या प्रोग्रॅमचं अर्धंच सांगितलं मघाशी. त्या दिवशी 'मेरे सामनेवाली खिडकी में' झालं होतं. 'पडोसन'मधल्या या गाण्यात पंचमदांनी कंगवा वाजवलाय, खरखरीत पृष्ठभागावर कंगवा घासून तो 'खर्र' असा आवाज काढलाय. बाबांना तसंच करायचं होतं. रेसोवर चाललं असतं, ऑर्केस्ट्राच्या मालकाने सांगितलंही होतं की रेसोच घ्या, लोकांना काय कळतंय. पण बाबा हट्टी. त्यांना अमृतराव काटकरांचं भयंकर वेड, रेसो वाजवावा तर त्यांनी, असं म्हणायचे, रेकॉर्ड लावून त्यांचा रेसो तेवढा वेगळा काढून ऐकायचे आणि मला म्हणायचे, ऐक, आता येईल, आता. मला काही ऐकू यायचं नाही, मी नुसती मान हलवायची. तर बाबांनी कंगवा घेतला आणि माईकसमोर उभे राहून, म्हणजे पहिल्यांदाच पुढे येऊन, तो वाजवला. आणि लोक हसले. वाईट हसले नाहीत, गंमत म्हणून हसले, पण हसले.

पंचमदांनी केलं तर कल्पकता आणि बाबांनी केलं तर विदूषक. असो.

कुणीतरी खाली लिहिणारच की वादकांना पैसे मिळत होते, फुकट नव्हते वाजवत. हो मिळत होते. मोठ्या रेकॉर्डिंगवाल्यांना बरे मिळायचे म्हणे, आणि ते काही सगळे उपाशी मेले नाहीत. पण सिटिंगचे पैसे घेतले, विषय संपला. २०१२ला कायदा बदलला, गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, चांगलंच झालं, जावेद अख्तर भांडले त्यासाठी. पण 'रूप तेरा मस्ताना'चं अ‍ॅकॉर्डियन काढून टाका आणि मग गाऊन दाखवा ते गाणं. उरतं काय? ते कर्सी लॉर्डनी वाजवलंय. आणि अ‍ॅपवर गाणं लावलं की खाली किशोरकुमार, एस. डी. बर्मन, फार तर आनंद बक्षी. काही अ‍ॅपवाले हल्ली थोडी जास्त नावं देतात, तीन ठिकाणी बोट दाबलं की दिसतात. द्या त्यांना शाबासकी.

आणि नंतर तर माणसंच गेली. आधी सगळे एका हॉलमध्ये, ताडदेवच्या फिल्म सेंटरला म्हणा नाहीतर दुसरीकडे, एकत्र बसून वाजवायचे, एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. मग ट्रॅक आले, सिंथ आला, चाळीस व्हायोलिनचं काम एक पोरगा बोटाने करायला लागला. (त्या पोरांचीही मेहनत असते, माझा भाचा तेच करतो, तो वाचतोय, हो रे बाबा असते.) आमच्या घरी ही क्रांती ऑक्टोपॅडच्या रूपाने आली. ८८-८९ला ऑर्केस्ट्राने ऑक्टोपॅड, म्हणजे तो काड्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, घेतला आणि बोंगो, तुंबा, मादल, खंजिरी सगळं त्या एका चौकोनात गेलं. बाबांच्या नाईट कमी होत होत थांबल्या. कुणी सांगितलं नाही की येऊ नका. फोन यायचा बंद झाला एवढंच. बोंगो माळ्यावर गेला, आईने त्यात लोकरीचे गुंडे ठेवले.

पंचमदांचं तरी वेगळं काय झालं म्हणा. शेवटच्या वर्षांत त्यांनाच कामं मिळेनात, ज्यांना हिट दिले तेच टाळायला लागले. ४ जानेवारी १९९४ला गेले, ५४ वर्षांचे. '१९४२ अ लव्ह स्टोरी' त्यानंतर लागला आणि फिल्मफेअर ते नसताना मिळालं. म्हणजे पुढच्या रांगेतल्यालाही आपण सोडत नाही, फक्त मेल्यावर त्याचे कार्यक्रम करतो, आठशे रुपये तिकीट लावून.

मी निवेदकावर एवढी का चिडले हे टाइप करता करता कळतंय मला. पुसून टाकणार होते हा भाग, पण राहू दे.

बाबा कंगवा वाजवत होते तेव्हा माझ्या शेजारी वर्गातल्या दोघी होत्या. त्यांना मी आधीच शेखी मिरवून सांगितलं होतं की माझे बाबा ऑर्केस्ट्रात आहेत. लोक हसले तशा त्याही हसल्या, आणि एकीने विचारलं, 'ए, तो कंगवेवाला कोण गं?'

मी म्हटलं, 'काय माहीत.'

मग दुसरी म्हणाली, तुझे बाबा कुठले? मी म्हटलं आज आले नाहीत, बँकेत ऑडिट आहे. बारा वर्षांची होते, ऑडिट म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. आणि म्हणूनच शेवटी ओळख करून देताना निवेदकाने बाबांचं नाव गाळलं तेव्हा, आता खरंच लिहिते, मला हायसं वाटलं होतं. घेतलं असतं तर माझं आडनाव ऐकून त्या दोघींना कळलं असतं.

चाळीस वर्षं होत आली, मी हे कुणाला सांगितलेलं नाही. निवेदकाला मात्र चाळीस वर्षं शिव्या घालतेय. आजच्याला पण घातल्या.

आत्ता चहा घेताना बाबांना फोन लावला. एकोणऐंशी पूर्ण होतील यंदा, रात्री उशिरापर्यंत जागे असतात, एका कानाने कमी ऐकू येतं. म्हटलं, बाबा, पंचमच्या कार्यक्रमाला गेले होते. पहिला प्रश्न काय, तर 'रिदमला कोण होतं?' मला सांगता येईना. कारण नावच घेतलं नाही ना त्याने! मग विचारलं, तो गिरगावातला प्रोग्रॅम आठवतो का, तुम्ही कंगवा वाजवलात तो. वाटलं विसरले असतील, किंवा ती ओळख राहून गेलेली आठवत असेल. त्यातलं काहीच नाही. म्हणाले, 'अगं तो प्लॅस्टिकचा कंगवा चालतच नाही, माईकवर नुसता फर्र आवाज येतो. तुझ्या आईचा शिंगाचा होता तो आणला होता, न विचारता. दोन दात मोडले त्याचे. काय बोलली होती ती मला त्या रात्री!' आणि हसत सुटले, इतके की खोकला लागला.

मग म्हणाले, 'पण आवाज बरोब्बर आला होता. तू होतीस ना पुढे, आला होता की नाही?'

मी म्हटलं, हो बाबा. आला होता.