टोकनची घाई कशाला?

‘घर हातचं जाऊ नये म्हणून ऑफरसोबतच टोकनची रक्कम द्या’, हा तुमच्या घरखरेदीवरच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. आम्हीही सध्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका जुन्या घरासाठी आकडा सांगून बसलोय. पहिलंच घर. मालक म्हणतात, ‘मुलाशी बोलून कळवतो.’ मुलगा पुण्यात. फोन वाजला की बायको माझ्या तोंडाकडे बघते, आणि निघतो क्रेडिट कार्डवाला!

पण राजेहो, कागद बघायची वेळ हीच. नागपुरात कितीतरी लेआउट गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले. सुधार प्रन्यास या नियोजन संस्थेचं आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आहे का, त्यासाठीची डिमांड (शुल्क) भरली का, हे आत्ताच विचारायचं. आरएल नसलं की बँका कर्जाला नाक मुरडतात, आणि तोवर टोकन घेणारा दलाल फोन उचलेनासा होतो. जुने व्यवहार नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर घरबसल्या दिसतात.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस, म्हणजे मालकाला द्यायच्या रकमेतला आयकर, खरेदीदारानेच कापून भरायचा असतो, हे लेखात हवं होतं. शिवाय घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. हा मुद्दा सासूबाईंना फारच आवडलाय.