मत्स्यालयातील वनस्पती, उजेड आणि सिलिंडर: एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

सस्नेह नमस्कार.

कमी उजेडात वाढणाऱ्या पाणवनस्पतींवरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: लेख वाचून आपण दोन फुटी टाकीत क्रिप्टोकोरिन, अनुबियास आणि व्हॅलिस्नेरिया लावलीत. पंधरवड्यात क्रिप्टोकोरिनची पाने झडली, अनुबियास वाळूत कुजली आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून ‘लिक्विड कार्बन’ घालू लागल्यावर व्हॅलिस्नेरियाही गेली. दिवा रोज बारा तास चालू होता, तरी झाडे जगली नाहीत, उलट काचांवर शेवाळ चढले. यावरून आपण असा निष्कर्ष काढलात की कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशिवाय जिवंत वनस्पती लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. शिवाय जिवंत वनस्पती रात्रीच्या वेळी माशांच्या वाट्याचा प्राणवायू खातात, तेव्हा प्लॅस्टिकच्याच बऱ्या.

आपण दिलेल्या तपशिलावरून मला तरी असे दिसते की तिन्ही झाडे तीन वेगवेगळ्या कारणांनी गेली, आणि त्यांत सिलिंडर नसणे हे कारण कुठेच नाही.

आधी क्रिप्टोकोरिन, कारण ती बहुधा मेलीच नव्हती. रोपवाटिकांमध्ये ही झाडे सहसा मुळे ओली आणि पाने दमट हवेत अशी वाढवतात, कारण तशी ती लवकर वाढतात. हवेत आलेली पाने पाण्याखाली फारशी कामाची नसतात, त्यामुळे टाकीत गेल्यावर झाड ती टाकून देते. पानावर आधी काचेसारखे पारदर्शक डाग पडतात, मग देठ बुळबुळीत होतो आणि बोट लागताच पान विरघळल्यासारखे सुटून येते. हे दृश्य पाहून कोणालाही झाड संपले असेच वाटेल. परंतु वाळूखालचा गड्डा शाबूत असतो. बुंध्याशी धरून अगदी हलकेच ओढून पाहावे. झाड घट्ट बसलेले असेल आणि मुळे पांढरट असतील, तर सडकी पाने कापून काढून ते जागचे न हलवता तसेच राहू द्यावे. काही आठवड्यांत नवी, बहुधा आधीपेक्षा अरुंद पाने येतात, आणि ती पाण्यातलीच असल्याने टिकतात. दुकानात सर्रास मिळणारी क्रिप्टोकोरिन वेंटाय ही मूळची श्रीलंकेची असली, तरी याच कुळातली क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस आपल्याकडे सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या काठी आढळते. पावसाळ्यात ती पाण्याखाली असते आणि पाणी ओसरल्यावर उघडी पडून फुलते. पाण्यातून हवेत आणि हवेतून पाण्यात जाताना पाने बदलणे हा या मंडळींचा स्वभावच आहे.

अनुबियासचे कारण आपल्याच वाक्यात आहे: ‘वाळूत नीट खोलवर पुरली होती.’ अनुबियास आणि जावा फर्न यांचे आडवे खोड, आल्याच्या कुडीसारखे दिसते ते, वाळूखाली गेले की कुजते. त्याखालची मुळे वाळूत गेली तरी चालतात, पण खोड पाण्यात उघडे राहिले पाहिजे. खोडाचा तुकडा अजून जपून ठेवला असेल, तर चिमटीत दाबून पाहावा. मऊ आणि दुर्गंधी येणारा भाग धारदार पात्याने कापून टाकावा आणि टणक, हिरवा भाग दगडाला किंवा लाकडाला सुती दोऱ्याने बांधावा. दोरा कुजेपर्यंत मुळांनी दगड धरलेला असतो.

व्हॅलिस्नेरियाच्या बाबतीत दोष दुकानदाराच्या सल्ल्याचा. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत सहसा ग्लुटराल्डिहाइड किंवा त्याचाच एखादा भाऊबंद असतो. हे मुळात जंतुनाशक आहे. ते शेवाळ मारते हे खरे, पण व्हॅलिस्नेरियाला आणि काही मॉसना ते सोसत नाही. झाडांचे खत समजून आपण त्यांच्यावर औषध फवारलेत, असेच म्हणावे लागेल.

आता उजेड. ‘कमी उजेड’ याचा अर्थ बोळातला अंधारा कोपरा असा मी कुठेही सुचवलेला नाही. प्रकाशसंश्लेषणातून तयार होणारी साखर श्वसनात खर्च होणाऱ्या साखरेइतकी तरी असावी लागते. त्याखाली कोणतीच वनस्पती तग धरत नाही. याबाबतीत डोळ्यांवर विसंबता येत नाही, कारण दुपारच्या उघड्या उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो आणि रात्री दिवे लावलेल्या दिवाणखान्यात जेमतेम 100 ते 300, तरी दोन्हीकडे आपल्याला स्वच्छ दिसते. त्यामुळे टाकीवर साधा का होईना, स्वतःचा एलईडी दिवा हवा. मात्र मंद दिवा बारा तास ठेवल्याने तो तेजस्वी होत नाही. अनुबियाससारखी संथ झाडे त्या जादा तासांचा फारसा उपयोग करू शकत नाहीत, शेवाळ मात्र करते. सहा ते आठ तास पुरेत, आणि रोजची वेळ पाळण्यासाठी स्वस्तातला टायमर लावावा.

सिलिंडरचा मुद्दा मी उडवून लावत नाही. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि सिलिंडरवाले तो 30 मिलिग्रॅमपर्यंत नेतात; एवढ्या फरकाने वाढ भराभर होणारच. परंतु झाडाची भूक उजेडावर ठरते. प्रखर दिव्याखाली सिलिंडर नसेल तर झाड उपाशी राहते, मंद दिव्याखाली मात्र माशांच्या श्वासातून आणि हवेतून मिळतो तेवढ्यावर त्याचे भागते, फक्त वाढ संथ होते. अनुबियासला महिन्याला एखादे पान आले तरी ते आरोग्याचेच लक्षण समजावे. शिवाय शाळेतला हायड्रिलाचा प्रयोग आठवून पाहावा: उपडे नरसाळे, त्यावर परीक्षानळी आणि पाण्यात चिमूटभर खायचा सोडा. सोडा घालतात तो बायकार्बोनेटसाठी, कारण हायड्रिला त्यातूनही कार्बन घेऊ शकते. व्हॅलिस्नेरियालाही हे साधते, म्हणूनच बोअरवेलच्या जड पाण्यात ती चांगली माजते. अनुबियास आणि जावा फर्न यांना ती सोय नाही.

रात्री वनस्पती प्राणवायू घेतात हे बरोबर आहे, पण त्या दिवसाही घेतात. दिवसा त्याहून जास्त सोडतात इतकेच. संथ झाडांची रात्रीची गरज अगदी थोडी असते. आपले मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होते ते मे महिन्यात, हा तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 20 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. त्यात मासे दाटीने असले आणि फिल्टरचे पाणी पृष्ठभाग हलवत नसले, तर दोष झाडांकडे जात नाही. उन्हाळ्यात रात्रभर एअर पंप चालू ठेवावा.

एका बाबतीत आपण बरोबर आहात: मासे थोडे असतील तर खताची गरज पडते, विशेषतः पोटॅशियम आणि लोह यांची, आणि मुळांतून खाणाऱ्या क्रिप्टोकोरिनला वाळूत खताची गोळी मानवते. पण ‘कुंडीतले डीएपी चालेल का’ या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असेच आहे. त्यातून पाण्यात अमोनियम उतरते आणि पाणी अल्कधर्मी असेल तर त्याचा काही भाग माशांना विषारी असलेल्या अमोनियात बदलतो.

प्लॅस्टिकशी माझे वैर नाही, फक्त ते अमोनिया शोषून घेत नाही आणि त्याच्या कडक कडांनी ‘बेटा’ (फायटर) या जातीसारख्या माशांचे पर फाटतात.

टाकीची उंची, दिव्यावर लिहिलेले वॅट आणि पाणी नळाचे की बोअरवेलचे, एवढे कळवलेत तर पुढे कोणती झाडे घ्यावीत ते मी नेमके सांगू शकेन. तोवर क्रिप्टोकोरिनचे गड्डे उपटले नसतील तर उपटू नयेत, आणि ती बाटली बंदच ठेवावी.